झालं ना आता?

ताईचा फोन येऊन गेला तेव्हापासून काहीतरी खुपतंय. वाईट काही बोलली नाही ती. "झालं ना आता मूळव्याधीचं ऑपरेशन? मग अजून काय कण्हतेस! सीझर सोसलंस तू, आणि याला एवढं?" हसत हसतच म्हणाली. मीही हसले. फोन ठेवला आणि कूस बदलली. हल्ली मला दोनच बाजू आहेत, डावी आणि उजवी.

नेमकं काय लागलं ते कळत नाहीये, म्हणून लिहायला घेतलंय. पालथी पडून, छातीखाली उशी घेऊन. अक्षर वाईट येतंय.

ताईलाही मूळव्याधच होती. तिला मोडांच्या मुळाशी रबर बँड लावले, म्हणजे ते सुकून गळतात, ओपीडीतच, भूलबिल काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी बाईसाहेब कामावर हजर. हे मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मला तोंडपाठ आहे. तेव्हा तिच्या हिशेबी मी एक तर नाजूक, नाही तर नाटकी. पण डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. गुदमार्गात आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला चिमटलं-कापलं तरी वेदना अशी कळत नाही, फार तर दाब जाणवतो. खालच्या कातडीला मात्र सगळं कळतं, बोटाच्या टोकाला कळावं तितकं. बँड लावतात ते रेषेच्या वर. माझे मोड बाहेरपर्यंत आलेले, त्यामुळे कापणं रेषेच्या खाली उतरलं, आणि जखमा टाके न घालता उघड्याच ठेवल्यात, आपोआप भरून येण्यासाठी. मिलिगन-मॉर्गन पद्धत, १९३७ सालची. म्हणजे आम्हा बहिणींत फरक आहे तो धीराचा नाही, एक-दोन सेंटिमीटरचा आहे.

हे फोनवर सुचलं नाही. सुचून तरी काय, तिकडे स्पीकरवर भावजी होते.

खरं तर ऑपरेशनच्या आधी मला नंतरच्या दुखण्याची भीती नव्हतीच. सगळी भीती भुलीची. सीझरनंतर डोकं जे दुखलं होतं! उठून बसलं की कवटी फुटेल असं, आणि आडवं झालं की थोड्या वेळात जणू काही झालंच नव्हतं. बाळाला पाजायचं तेही पडून. त्यामुळे पाठीत सुई नको, मला पूर्ण झोपवा, असं ठरवूनच गेले होते. भूलतज्ज्ञ बाईंनी मधे न तोडता सगळं ऐकलं, त्याचंच मला निम्मं बरं वाटलं. मग म्हणाल्या, पूर्ण भूल देता येईल, पण त्यात घशात नळी आली, नंतरची मळमळ आली, आणि त्या जागी वेगळं बधिरीचं इंजेक्शन दिलं नाही तर शुद्धीवर येतानाच दुखायला लागेल. डोकेदुखीचं म्हणाल तर सुईनं कण्याच्या आवरणाला पडलेलं भोक लगेच बुजलं नाही, की आतलं पाणी झिरपतं आणि डोकं दुखतं. सुई जितकी बारीक तितकी शक्यता कमी. त्यांनी २७ नंबरची सुई दाखवली. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि हिचं टोक पेन्सिलीसारखं, आवरणाचे तंतू कापण्यापेक्षा बाजूला सारणारं. शिवाय याला कमरेपासून खालचं सगळं अंग बधिर करायची गरज नाही, सॅडल ब्लॉक पुरतो. औषधात साखर घालून ते जड केलेलं असतं. सुई टोचल्यावर थोडा वेळ बसवूनच ठेवतात, औषध खाली उतरतं आणि बैठकीपुरताच भाग बधिर होतो.

पटलं. (१८९८ साली आउगुस्ट बिअर नावाच्या जर्मन सर्जननं पाठीतल्या सुईचा हा प्रयोग स्वतःवर करून घेतला, मग आपल्या मदतनिसावर केला, त्याच्या नडगीवर हातोडी मारून आणि सिगार टेकवून पाहिलं. त्याला काही कळलं नाही. बिअरचं डोकं मात्र पुढे कितीतरी दिवस दुखलं, उठलं की जास्त. ही तक्रार करणाऱ्यांत सुरुवातीलाच खुद्द डॉक्टरही होता हे वाचून मला फार समाधान झालं.)

तर टेबलावर. पाय अडकवलेले, मधे हिरवा पडदा, पलीकडे कुणाच्या तरी गाडीच्या टायरबद्दल बोलणं चाललेलं. आणि भूलतज्ज्ञ बाई माझ्या डोक्याशी बसून सारखं विचारत होत्या, दुखतंय का? थंडी वाजतेय का? मळमळतंय? मी दर वेळी नाही म्हणत होते. खरंच काही दुखत नव्हतं.

हेच आहे बहुतेक. दुखत नव्हतं तेव्हा कुणीतरी इतक्या मायेनं विचारत होतं. तीन-चार तासांनी बधिरपणा उतरायला लागला, आधी मुंग्या, मग नुसती ऊब, मग ते जे सुरू झालं ते झालं, तेव्हा बाई घरी गेलेल्या. त्यांची काही चूक नाही. रात्री लघवी तुंबली. या भुलीनंतर मूत्राशय सुस्तावतं म्हणे, आणि तिथलंच ऑपरेशन म्हटल्यावर जास्तच. सिस्टर म्हणाल्या, नळ सोडून बसा. नळ वाहत होता, मी बसले होते, शेवटी लघवीसाठी कॅथेटरची नळी घालावीच लागली. ताईला यातलं काही माहीत नाही. तिनं विचारलंच नाही. "दुखतंय का?" एवढंच विचारलं असतं तर "थोडंसं" म्हणून मी गप्प बसले असते.

पण मी तरी कुणाला सांगितलंय? शेजारी यांनी "पोटाचं छोटं ऑपरेशन" म्हणून ठोकून दिलंय. पोटाचं! आता जिन्यात भेटेल तो पोटाची चौकशी करतो आणि हे गंभीर चेहऱ्यानं "सूज उतरतेय" म्हणून सांगतात. सीझरचे टाके दाखवता येत नव्हते पण सांगता तरी येत होते, आणि हातात बाळ होतं. इथे काय दाखवणार? आईला तर कळवलेलंच नाही. ते असू दे.

पहिल्या शौचाबद्दल लिहिणार नव्हते. थोडंसं लिहिते. डावा हात टॉवेलच्या दांडीवर, उजव्याची मूठ. बाहेर आल्यावर पाहिलं तर तळव्यावर नखांच्या चार लाल कोरी उमटलेल्या. आणि खरं दुखणं त्याच्यानंतरचं. आतला स्नायू जो आवळून बसतो तो आपण सांगून सोडत नाही, आपलं ऐकणारा स्नायूच नाही तो. त्यासाठी डिल्टियाझेमचं मलम दिलंय, आणि कोमट पाण्याचा टब. टबात बसल्यावर पाच-सात मिनिटांनी तो हळूच सोडतो, तेव्हा मला रडू येतं. चांगलं रडू.

तेव्हाही हे दाराबाहेर उभे होते. वर्तमानपत्र उलगडल्याचा आवाज येत होता, पान मात्र उलटत नव्हतं. मग घसा खाकरून, "झालं का?" मी आतून "झालं" म्हणाले, तर बाहेर चक्क टाळी वाजली. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी माझ्यासाठी वाजवलेली पहिली टाळी ही. वाढदिवसाला नाही, बढतीला नाही.

हसले तर दुखतं, पण हसले.

आता काय करायचं ते कळायला लागलंय. दुखायला लागेपर्यंत थांबायचंच नाही, पॅरासिटॅमॉल घड्याळावर. ट्रॅमाडॉल या जास्त जोराच्या वेदनाशामकानं बरं वाटतं पण मल कडक होतो, म्हणजे आजचं उद्यावर ढकलणं, म्हणून ते अगदीच असह्य झालं तर. डॉक्टर म्हणतात दोन ते चार आठवडे, कमी कमी होत जाईल. कुणी विचारायला आलं तर मी सांगेन की कुठली भूल घेऊ याच्याइतकंच ती उतरायच्या आत मला काय देणार, हेही भूलतज्ज्ञांना आधीच विचारून घ्या. पण कोण येणार विचारायला? सगळे पोटाचं विचारतात.

लेकीनं इसबगोल ढवळून आणून ठेवलंय. लगेच प्यायलं नाही तर त्याची खळ होते. झालीच आहे. चमचा मागवते.