ह्वाहोंगमुन : शिक्का अखेर दिसला

जपानी चित्रकार कावासे हासुईच्या लाकडी ठशांच्या प्रिंटचा (कोरियातल्या सुवॉन शहराचा ह्वाहोंगमुन हा दरवाजा) डावा समास मोकळा झाला! लांबट चौकटीचा शिक्का निघाला, आत प्रकाशक वातानाबे शोझाबुरो यांचं नाव आणि प्रकाशनहक्काची ओळ. सहा मिलिमीटरचा गोल शिक्का निघाला असता तर छपाई 1945 नंतरची ठरली असती. छपाई 1945 आधीची की नंतरची, ही मागच्या नोंदीपासूनची धाकधूक संपली.

सगळा वेळ खाल्ला तो माउंटनं, म्हणजे प्रिंटभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीनं. खिडकीचा पुठ्ठा कुणीतरी सरळ समासावरच डकवलेला, तोही नेमका शिक्क्यावर. ओढला तर वाशीचे (जपानी कागदाचे) तंतू उपटणार, भिजवला तर रंग फुटणार, कारण हे सगळे रंग पाण्यातलेच. म्हणून आधी कोरडं काम : पातळ स्पॅच्युलानं पुठ्ठ्याचा एकेक पापुद्रा सोलत शेवटच्या थरापर्यंत आलो. मग मेथिल सेल्युलोजची घट्ट जेल, नखाएवढ्याच जागेवर. पाणी हळूहळू सुटतं, सरस फुगतो, थर अलगद उचलला जातो. लगेच ब्लॉटर आणि वजन, नाहीतर ओलीची कड उमटते. सराव आधी एका फाटक्या, बिननावाच्या प्रिंटवर केला होता आणि त्याचा फार उपयोग झाला. कोपऱ्यात थोडा सरस अजून आहे, तो पावसाळा सरल्यावर.

पाठ पाहण्यासाठी एलईडीचा पातळ लाइटपॅड घ्याच. आकाशाचा बोकाशी (रंगाची उतरती छटा) कागदात किती मुरलाय आणि बारेन (छापताना कागद घासायची चकती) कसा फिरलाय ते त्यावर स्वच्छ दिसतं. यूव्ही टॉर्चवर त्याआधी पैसे घालू नका. नव्या हिंजसाठी (प्रिंट अडकवायच्या कागदी पट्ट्यांसाठी) मैद्याची खळ नको. शुद्ध गव्हाचा स्टार्च कुरडईच्या चिकासारखा शिजवून, गाळून वापरा. माउंटच्या आम्लानं पडलेली तपकिरी रेघ मी तशीच ठेवणार आहे. ब्लीच करून पांढरेफटक झालेले समास मला बघवत नाहीत.

विक्रेत्यांबद्दल माझा अनुभव : जपानी दुकानदार पाठीचा आणि चारही समासांचा फोटो न मागता देतात. लिलावात समास कापलेला फोटो असेल, तर मी आता बोलीच लावत नाही.

प्रिंट समोर ठेवून बसलो तेव्हा वेगळंच जाणवलं. ह्वाहोंगमुन 1922 च्या पुरात वाहून गेला होता, 1932 मध्ये पुन्हा उभा राहिला. म्हणजे 1939 मध्ये हासुईनं पाहिला तो जेमतेम सात वर्षांचा दरवाजा! हे प्रिंट ज्या मालिकेतलं, त्या ‘चोसेन हाक्केई’ची (कोरियाची आठ दृश्यं) आठही दृश्यं जमवायची असं ठरलं होतं, पण हे लिहिता लिहिताच बेत बदलतोय. फक्त दरवाजे घेतले तर? हासुईचेच सुवॉन आणि केसोंग, योशिदा हिरोशीचा 1937 चा प्योंगयांगमधला ताएदोंगमुन, आणि एलिझाबेथ कीथचा 1920 चा सोलचा चांदण्यातला पूर्व दरवाजा. कीथ स्कॉटिश खरी, पण तिचे ठसेही वातानाबेंच्याच कारखान्यात कोरले-छापले गेले, म्हणून ती या संचात हवीच. एकाच वातानाबेंकडे वीस वर्षांत दगडी कमानीची छाया कशी बदलली हे शेजारी शेजारी लावून पाहता येईल. योशिदा स्वतंत्र प्रकाशक, त्यामुळे तुलनेला आणखी धार.

कुमगांग पर्वताच्या प्रिंटसाठी बाजूला ठेवलेले पैसे आता ताएदोंगमुनकडे. समासात ‘जिझुरी’चा (‘स्वतः छापलेलं’ या अर्थाचा) शिक्का असलेलीच प्रत घेईन. कुणाकडे ती असेल तर पाठीचा, उजेडावर धरलेला फोटो टाका.