फियाट, कुंभार्ली घाट आणि आमचं अख्खं घर

गुहागरला जायचं हे आधी ठरलं, फियाट बाहेर काढायचं त्यानंतर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जुनी गाडी नुसती ‘चालू करून ठेवू’ म्हटलं की सगळं काम रंगात आणि क्रोमच्या पट्ट्यांत अडकतं. पण याच गाडीतून आई, काका, बायको आणि लेक अशा सगळ्यांना घेऊन कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि तोच घाट चढून परत यायचं, असं एकदा पक्कं झालं की कुठल्या कामाला आधी हात घालायचा ते घाटच सांगतो. उतरताना ब्रेक, चढताना इंजिन गार ठेवणारा रेडिएटर. बाकी सगळं त्यामागून.

गाडी काकांची. प्रीमियर पद्मिनी, 1986 सालची, पण आमच्याकडे तिला कायम फियाटच म्हणत आले. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, तिचा कुर्ल्याचा कारखाना आणि तिथून निघालेली ही 1089 सीसीची, चार सिलिंडरची, हँडल गिअरची, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर असलेली गाडी. एके काळी डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि मुंबईचे टॅक्सीवाले अशी सगळी मंडळी हिच्यावर अवलंबून होती. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर, ऑक्टोबर 2023 अखेर, ही टॅक्सी शहरातून कायमची गेली. ती बातमी काकांनी दोनदा वाचून दाखवली. त्यांची स्वतःची गाडी तेव्हा मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गुडघ्यामुळे क्लच दाबवेना म्हणून त्यांनी ती लावून टाकली, त्यालाही बरीच वर्षं लोटली होती.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी चावीला हातच लावू दिला नाही. लांबचा मुक्काम झालेल्या इंजिनला एकदम स्टार्टर मारला तर कोरड्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा घासतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं थोडं ऑइल सोडलं आणि तसंच मुरू दिलं. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवायचा प्रयत्न. पाना आधी हललाच नाही. मिस्त्री पुढे-मागे, पुढे-मागे, अगदी बोटभर जागेत तो हलवत राहिले. मग आतून एक बारीक ‘कर्र’ झालं आणि पुली फिरली. काका शेजारी खुर्चीवर बसून होते. ते म्हणाले, “आता घाई करू नका, ती येते.”

टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढलं. ते गडद झालं होतं, वासही पेट्रोलचा राहिला नव्हता. असं पेट्रोल आत डिंकासारखा थर धरून बसतं आणि पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरची बारीक भोकं, म्हणजे जेट, बुजवतं. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटर पूर्ण खोलला, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, बदलला. एक गोष्ट जुन्या गाडीवाल्यांना मुद्दाम सांगावीशी वाटते: आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप फुगतो, मऊ पडतो आणि नेमका तापलेल्या इंजिनवर पाझरायला लागतो. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा रबराचा तुकडा न् तुकडा इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचा घेतला. इंजिनचं हेडही उघडलं होतं, तेव्हा व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीटही कडक धातूच्या बसवून घेतल्या. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या जमान्यातली आहेत, ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला झीज होऊ देत नसे, आणि 2000 सालापासून देशभर पेट्रोल बिनशिशाचंच मिळतं.

खरा वेळ मात्र ब्रेकमध्ये गेला, आणि तिथेच तो जायला हवा होता. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गाडी उभी राहिली की तो ओलावा आत बसून गंज धरतो. मागच्या एका व्हील सिलिंडरचा, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या सिलिंडरचा, पिस्टन तर जागेवरच चिकटला होता. मिस्त्रींनी तो बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला: एका बाजूने आरशासारखा लख्ख, दुसऱ्या बाजूला गंजाचे खोल खड्डे. ‘घासून चालेल’ असा सल्ला दुसऱ्या एका ठिकाणी मिळाला होता. मला तो मान्य नव्हता. ज्या गाडीत लेकीला बसवायचं तिच्या ब्रेकमध्ये ‘चालेल’ हा शब्द मला नको होता. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबरी होज, लायनर, सगळं नवीन. टायर दिसायला छान होते, नक्षीही शिल्लक होती. पण कडेवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचलं आणि पाचही टायर काढून टाकले.

माणसांसाठीची कामंही तितकीच मनापासून केली. या गाडीला सीटबेल्ट नव्हते. तळाच्या पत्र्याला आतून जाड प्लेटा देऊन पुढे-मागे पट्टे लावून घेतले. आईला चढा-उतरायला त्रास होऊ नये म्हणून मागच्या सीटचा बसलेला फोम बदलला. रंग तोच ठेवला, ओरखड्यांसकट. आरटीओत गाडी दाखवून नोंदणीचं नूतनीकरण केलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. पर्यावरण कर, विमा, पीयूसी हे सगळं झाल्यावरच गाडी मोठ्या रस्त्यावर आणली.

आणि मग एका हिवाळी सकाळी आम्ही निघालो. चोक ओढला, चावी फिरवली, इंजिन लागलं. थोडं गरम झाल्यावर चोक आत ढकलला तसा तो जुना, मऊ, एका लयीतला आवाज बसला. कराड सोडून पाटणच्या रस्त्याला लागलो की कोयना सोबतीला येते. आम्ही पन्नास-साठच्या पुढे गेलोच नाही. हा वेग या गाडीला शोभतो आणि माणसांनाही. पुढची तिकोनी काच जरा तिरकी केली की वारा थेट अंगावर येतो, एसीची आठवण होत नाही. काचा उघड्या, पण बोलणं ऐकू येत होतं, आणि आई मागून प्रत्येक गावाचं नाव घेऊन तिथे कोण नातेवाईक होतं ते सांगत होती. आमच्या नव्या गाडीतून हाच रस्ता मी केलाय. तेव्हा पाटण कधी आलं तेही कुणाला कळलं नव्हतं.

कोयनानगरला थांबलो. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप आईला आठवतो. ती तेव्हा लहान होती, त्यानंतर सगळं गाव अंगणात झोपत होतं, असं ती लेकीला सांगत होती. धरणामागचा शिवसागर थंडीत शांत पसरलेला. पूर्वेला वाहणाऱ्या या नदीचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलंय, ते खाली पोफळीच्या वीजघरात उतरतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. आम्हीही तिकडेच निघालो होतो, फक्त वरच्या रस्त्याने.

घाटमाथ्यावर मी गिअर तिसऱ्यावर आणला आणि अवघड वळणांना दुसऱ्यावर. चढायला जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा काकांचा नियम. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला तर ड्रम तापतात आणि ऐन वळणावर पकड सुटते. इंजिनच गाडी धरून ठेवत होतं, मी ब्रेक फक्त वळणाआधी लावायचो. खाली शिरगावजवळ उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. कोमट. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता.

चिपळूण, मार्गताम्हाणे, शृंगारतळी आणि गुहागर. व्याडेश्वराचं दर्शन, सुरूच्या बनाला लागून असलेला तो लांबच लांब किनारा, दुसऱ्या दिवशी हेदवीचा दशभुजा गणपती आणि भरतीच्या वेळी बामणघळीतून उसळणारं पाणी. याबद्दल खूप लिहिलं गेलंय, मी थांबतो. पण धोपाव्याहून दाभोळला फेरीबोटीत फियाट चढवली ते सांगायलाच हवं. हँडब्रेक ओढून, गिअरमध्ये ठेवून गाडी बोटीवर उभी, चारही बाजूंनी वाशिष्ठीची खाडी, आणि अनोळखी माणसं येऊन बॉनेटवर हलकेच हात ठेवून आपापल्या गाडीची गोष्ट सांगतायत. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या मामाच्या लग्नातली. एका आजोबांनी काकांना विचारून हँडल गिअर एकदा पहिल्यावर टाकून बघितला.

येताना कुंभार्लीने कस लावला. दुपारचं ऊन, पाच माणसं, डिकीत सामान, दुसऱ्या गिअरवर सततची चढण. अर्ध्या घाटात इंजिन अडखळायला लागलं. तापमानाचा काटा जागेवर होता, म्हणजे पाणी ठीक होतं. बाजूला घेतलं. काका म्हणाले, “पंप तापलाय. पेट्रोलची वाफ होतेय आत.” बॉनेट उघडून त्यांनी आपला पंचा पाण्यात भिजवला, पिळला, यांत्रिक पंपाभोवती दोन वेढे दिले आणि टोक नीट खोचलं. पंच्यातून वाफ निघाली, पुन्हा पाणी शिंपडलं. लेक हे सगळं डोळे मोठे करून बघत होती आणि बाटली तिनेच धरली होती. पंप गार झाल्यावर इंजिन पुन्हा लागलं आणि घाटमाथ्यापर्यंत एकदाही अडखळलं नाही.

घरी आल्यावर चाकं खोलून तपासली. मागच्या डाव्या व्हील सिलिंडरला किंचित ओल दिसली, तो परत बदलला. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड फायबरचा तुकडा असतो, तो झिजलेला निघाला, नवीन घातला. आता फियाट शेडमध्ये नाही, दारात असते. दर आठवड्याला ती निदान अर्धा-पाऊण तास चालवायची, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, कारण जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद केलं तर सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणीच साचतं. हे काम लेकीने आपल्याकडे घेतलंय. रविवारी सकाळी ती काकांना हाक मारते, दोघं पुढच्या सीटवर येऊन बसतात आणि कुठे जायचं ते मला सांगतात.