स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये आवाज आधी बघा

सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ बनवताना सगळे स्क्रीनच्या क्वालिटीमागे लागतात, पण माझं स्पष्ट मत आहे की चित्र थोडं धूसर असलं तर माणूस बघतो, आवाज घुमत असला तर लगेच बंद करतो. म्हणून माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद, आणि ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला ऑडिओ मीटर बोलताना पिवळ्यात राहील असं बघायचं, लाल पट्ट्याच्या पार टोकाला पोचला की आवाज फाटतो आणि तो नंतर धड दुरुस्त होत नाही.

दुसरं म्हणजे फाइल एमकेव्ही या व्हिडिओ फॉरमॅटमध्येच सेव्ह करा. माझं एकदा ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग पीसी हँग झाल्यामुळे गेलं, साध्या एमपी४ची फाइल अर्धवट राहिली की उघडतच नाही, एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतं आणि नंतर ओबीएसमधूनच रीमक्स करून, म्हणजे चित्र-आवाज तसेच ठेवून फक्त फॉरमॅट बदलून, एमपी४ करता येतं, क्वालिटी जराही न घटता.

आणि कर्सर! बोलताना उगाच गोल गोल फिरवू नका हो. आधी बोला "आता फाइल मेनू उघडू", मग कर्सर न्या, क्लिक करा, एक सेकंद थांबा. तेवढ्यात बघणाऱ्याची नजर तिथे पोचते. चुकलात तर रेकॉर्डिंग थांबवू नका, जोरात टाळी वाजवा आणि तेच वाक्य परत म्हणा, एडिटिंगला वेव्हफॉर्ममध्ये, म्हणजे आवाजाच्या आलेखात, टाळीचा तो उंच सुळका लगेच सापडतो.