काकांचा मोबाईल आणि सेटिंग्जचे पान

आज दापोलीत काकांच्या मोबाईलमध्ये अँटेनापॉड हे मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेले) पॉडकास्ट ॲप घालून दिले आणि अशा ॲपमध्ये सेटिंग्ज किती असाव्यात, हा प्रश्न पुन्हा डोक्यात घोळू लागला. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पाकडे ‘एवढा एक पर्याय द्याच’ अशी मागणी सतत होत असते. पण प्रत्येक नवा पर्याय आधीच्या पर्यायांबरोबर तपासावा लागतो, त्याचे भाषांतर करावे लागते, आणि तो पुढे काढून टाकला की वापरणारे हटकून नाराज होतात. त्यामुळे सोपेपणाचा आग्रह मला पटतो, मात्र तो सरसकट नको. आमच्या किनारपट्टीवर डोंगराआड रेंज येते-जाते, तेव्हा वायफाय असताना पॉडकास्टचे भाग आपोआप उतरवून (डाउनलोड करून) ठेवण्याची सोय ही इथे चैन नव्हे. काकांना एकाच कार्यक्रमातील निवेदक फार भरभर बोलतो असे वाटते, म्हणून तेवढ्यापुरता वेग कमी करून दिला. (बाकीच्या पर्यायांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.) मूळ मांडणी अशी हवी की बहुतेकांना सेटिंग्ज उघडाव्याच लागू नयेत, आणि ज्याला उघडायच्या आहेत त्याला हवे ते चटकन सापडावे. अँटेनापॉडने सेटिंग्जमध्येच शोधाची सोय दिली आहे, ती मला आणखी दहा पर्यायांपेक्षा मोलाची वाटते.