तुम्ही विचारलंत म्हणून: कोरीवकामात हात कसा बसतो?

घरी येणारं कुणीही भिंतीवरची लाकडी कमळं बघून हटकून विचारतं, ताई, हे उपजत असतं की शिकून येतं? ऑफिसातलेही विचारतात, भाचीच्या मैत्रिणी तर व्हॉट्सॅपवर विचारतात. शिकून येतं. आणि कसं येतं ते जरा नीट सांगते, कारण "प्रॅक्टिस करा" एवढं सांगून कुणाला काही उपयोग होत नाही.

मी नाशिकच्या अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर गेज अशी मापं घ्यायची साधनं, आमच्याकडे लाकडाशी कुणाचा संबंध नव्हता. पटाशी कशी धरायची ते मला जुन्या नाशकातल्या एका मिस्त्रींनी दाखवलं, वाड्यांची दारं दुरुस्त करायचे ते. त्यांचं म्हणणं एकच, एक फूल धरा, अष्टदल कमळ, ते मनासारखं येईपर्यंत मोर नको की गणपती नको.

यामागचं कारण मला फार आवडतं. फळीचे रेषे, म्हणजे लाकडाचे तंतू, एकाच दिशेने जातात पण कमळाच्या पाकळ्या गोल फिरतात, म्हणजे एकाच फुलात दर पाकळीला रेषेचा कोन बदलतो. रेषेच्या दिशेने असलेल्या दोन पाकळ्या सोप्या. आडव्या दोन पाकळ्यांच्या टोकाला तंतू तोकडे राहतात म्हणून टोक पटकन तुटतं, तिथे जोर कमी. आणि तिरक्या चार सगळ्यात अवघड, त्यांची एक कड छान कापली जाते आणि दुसरी त्याच दिशेने कापायला गेलं की लाकूड उचकटतं, चीर पार आत जाते, तिथे फळी फिरवायची आणि समोरच्या बाजूने यायचं. म्हणजे एक कमळ पूर्ण झालं की लाकूड जेवढ्या कोनांतून अडू शकतं ते सगळे कोन हाताखालून गेलेले असतात! वेगवेगळी चित्रं करत बसलं की डोकं चित्रातच अडकतं, तेच फूल परत परत केलं की चित्र पाठ होतं आणि मग सगळं लक्ष कोन आणि जोर याच्याकडे देता येतं.

मी प्रत्येक कमळाच्या मागे पेन्सिलने तारीख आणि लाकडाचं नाव लिहिते आणि शेजारी शेजारी ठेवून बघते. फरक बघायचा तो पाकळ्यांच्या मधल्या खाचेत. आधी रेघेवर सरळ खाली काप द्यायचा, मग बाजूने तिरका काप त्याला भेटवायचा, हे दोन काप तळाशी नेमके भेटले की ढलपी आपोआप सुटून येते, नाही भेटले तर तळाला तुसं राहतात आणि ती पॉलिश पेपरने कितीही घासा, जात नाहीत. जुन्या कमळांत तुसं आहेत, नव्यांत खाच स्वच्छ आहे, हाच माझा रिपोर्ट.

आता धार. माझ्या मते निम्मी प्रगती धारेचीच असते आणि लोक नेमकं तेच टाळतात. मऊ लाकडावर रेषेला आडवा काप घेऊन बघायचा, काप चकाकला तर धार आहे, त्यात पांढरी रेघ उमटली तर धारेला तिथे खाच पडलीय, धार लावायच्या दगडावर जायचं. नंतर लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेलं चामडं आणि त्यावर बफिंगला, म्हणजे धातू चमकवायला, वापरतात तो हिरवा साबण, त्यावर पटाशी मागे ओढायची, पुढे ढकललीत तर चामडंच कापलं जातं. मी काम करताना मधेमधे उठून हे करते, हात दुखायला लागला म्हणजे बहुतेक वेळा धार गेलेली असते.

लाकूड शिवण नावाच्या झाडाचं घ्या, वखारीत मिळतं, मऊ आहे, काप छान दाखवतं. सागवान नंतर. सागात सिलिका असते, त्याने धार लवकर जाते, आणि पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान असेल तर आत खिळेही असतात, पटाशी लावायच्या आधी लोहचुंबक फिरवून घ्या. आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागे, फळी क्लॅम्पने घट्ट बांधलेली, याला माझ्याकडे अपवाद नाही.

आणि बघायला जा हो, आपण नाशिकचे आहोत! सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा बघा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल बघा, पांडवलेण्यांत १८ नंबरच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची नक्कल दगडात केलीय, म्हणजे आपल्याकडचं लाकूडकाम किती जुनं असेल विचार करा, लाकूड गेलं पण त्याची घडण दगडात राहिली. जाताना सकाळी किंवा संध्याकाळी जा, ऊन तिरकं असताना खोली कळते, नक्षी खरं तर सावलीनेच दिसते. रंगमहालातल्या खांबांपाशी उभं राहून मी पाकळीची कड कुठे उचललीय आणि कुठे दाबलीय ते वहीत काढून आणलं, त्यानंतर माझ्या पाकळ्यांना उठाव आला, नुसत्या हाताच्या सवयीने तो येत नव्हता.

खरेदीचं विचाराल तर मोठा सेट घेऊ नका. गोल पटाशीवर, म्हणजे वाकलेल्या धारेच्या पटाशीवर, नंबर असतो तो वाकाचा, ३ नंबर जवळजवळ सपाट, ९ नंबर जवळपास अर्धगोल, रुंदी मिलिमीटरमध्ये वेगळी लिहिलेली असते. एक ३ नंबर, एक ९ नंबर, एक सरळ पटाशी आणि चांगला दगड, एवढ्यात कमळ होतं. घ्यायच्या आधी माझी चालवून बघायची असतील तर रविवारी सकाळी या, फळीचा तुकडा मी देईन.