तिसऱ्या नंबरचा प्लग

"मिस्त्री, इंजिनाचे सातच स्पार्क प्लग बदला. तिसऱ्याला हात लावू नका," किल्ली देताना गाडीमालक म्हणाले.

त्यांची भीती खरी होती. दोन वर्षांपूर्वी याच पिकअप ट्रकचा तिसरा प्लग आट्यांसकट उपटून बाहेर आला होता. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण ॲल्युमिनियमचं, आणि त्याआधी कुणीतरी गरम इंजिनवरच तो प्लग जोर लावून आवळलेला. तेव्हा हेड न उतरवता मी जागेवरच भोक मोठं केलं, नवे आटे पाडले आणि स्टीलचं बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी, बसवलं. त्यानंतर आज पहिल्यांदाच तिथे पाना लागणार होता.

मी सांगितलं, "साहेब, तो आज काढला नाही तर पुढच्या वेळी निघणारच नाही. आता काही झालं तर निदान मी समोर आहे." थोडा वेळ गप्प राहून त्यांनी मान हलवली.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं. ॲल्युमिनियमचे आटे गरम असताना खोलले की ओरबाडले जातात. सकाळी सात प्लग तासाभरात निघाले.

मग तिसरा. प्लगला वीज देणारी कॉइल काढून प्लगच्या खड्ड्यात हवा मारली तर वाळूचे कण उडाले. ते सिलिंडरमध्ये पडले असते तर वेगळंच काम निघालं असतं. रॅचेट बाजूला ठेवून लांब टी-पाना घेतला. रॅचेट जोर देतो, पण हाताला काही कळू देत नाही. 'कट्' आवाज करून प्लग सुटला. १९ मिलिमीटर लांबीचे आटे, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर, म्हणजे साधारण पंधरा फेरे. एक, दोन आणि तिसऱ्याला पाना जड झाला.

प्लग जड जाण्याचे दोन प्रकार असतात. कार्बन अडकला असेल तर करकर जाणवते. धातू धातूला ओढत असेल तर पाना चिवट लागतो, ओल्या चामड्यासारखा. इथे करकर होती. तरीही प्लगबरोबर बुशच फिरत नाहीये ना, हे वरून दिसत नव्हतं. प्लग दोन फेरे परत आत घेतला, कडेने गंज सोडवायच्या तेलाचे थेंब सोडले आणि अर्धा तास त्याला हात लावला नाही. मालक शेजारी उभे होते, तेही काही बोलले नाहीत.

नंतर अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, असं करत गेलो. अकराव्या फेऱ्यानंतर पाना हलका झाला आणि प्लग हातात आला. त्याचे वरचे आटे स्वच्छ होते. तळाचे दोन मात्र कार्बनने भरून काळे झाले होते.

ते पाहून माझ्या लक्षात आलं. मी बसवलेलं बुश आखूड होतं. प्लगचे शेवटचे दोन आटे बुशच्या खाली, मोठ्या केलेल्या भोकात उघडे राहिले होते आणि दोन वर्षांत तिथे काजळी घट्ट बसली होती. बुशची लांबी प्लगच्या आट्यांइतकी हवी. तेव्हा मी ती मोजली नव्हती, हाताशी होतं ते बसवलं.

कॅमेरा आत सोडला. बुशची कॉलर जागेवर होती, तसूभरही सरकली नव्हती. पिस्टनवर पडलेला कार्बन बारीक नळीने ओढून घेतला. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजलं, तिसरा शेजाऱ्यांच्या बरोबरीत निघाला. घट्ट बसलेलं बुश उपटायचं नाही असं ठरवलं. ते काढताना हेडमध्ये उरलेला धातूही गेला असता.

नवा प्लग रबरी नळीच्या टोकाला अडकवून बोटांनीच फिरवला. आटा तिरका लागला तर नळी घसरते आणि प्लग थांबतो. पान्याला तेवढी समज नसते. तो वॉशरपर्यंत अलगद गेला. आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्क रेंच २५ न्यूटन-मीटरला लावून आवळला. आटे अडकू नयेत म्हणून लावतात ती कॉपर पेस्ट लावली नाही. नव्या प्लगवर मुलामा असतोच, वरून पेस्ट लावली की आटे निसरडे होतात आणि रेंचवर आकडा तोच दिसला तरी प्लग जास्त आवळला जातो.

मालकांना बुश आखूड असल्याचं सांगितलं आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. जॉब कार्डवर लिहिलं: 'तिसरा सिलिंडर, बुश दोन आटे आखूड. दरवर्षी थंड इंजिनवर प्लग काढून साफ करणे. मजुरी नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि गाडी सुरू केली. बॉनेट उघडंच ठेवून आम्ही दोघं बराच वेळ इंजिन ऐकत उभे होतो.