आजी-आजोबा, मुलं आणि भाड्याची आरव्ही: डिस्नीच्या फोर्ट वाइल्डरनेसमधला मुक्काम

आरव्ही, म्हणजे आत पलंग, ओटा आणि न्हाणी असलेली मोठी गाडी, घेतली की डिस्नीची सहल स्वस्तात होते असं कुणी सांगितलं, तर आधी कागद-पेन घ्या. गाडीचं रोजचं भाडं, त्यावर मैलांचे पैसे, विमा, चादरी आणि भांड्यांच्या संचाचे वेगळे, जनरेटर चालवला तर तासावर वेगळे, आणि हे सगळं झाल्यावर कॅम्पसाइटचं भाडं. आमच्या जॉर्जियातल्या अटलांटाहून फ्लोरिडातलं डिस्नी वर्ल्ड साधारण ४४० मैल. आम्ही घेतली तशी २८ फुटांची गाडी गॅलनला आठ-नऊ मैल देते, म्हणजे जाऊन-येऊन शंभरेक गॅलन पेट्रोल. आमची बेरीज डिस्नीच्याच साध्या हॉटेलातल्या दोन खोल्यांच्या पुढे गेली.

तरीही गेलो, कारण सासू-सासरे कराडहून आले होते आणि सहा जणांना एकत्र राहायचं होतं. हॉटेलात दोन खोल्या म्हणजे दोन घरं होतात. शिवाय सकाळचा चहा सासूबाईंना स्वतःच्या हातचा लागतो. पैसे वाचवायला नव्हे तर असं राहायची हौस म्हणून जाणार असाल, तर पुढचं वाचा.

फोर्ट वाइल्डरनेस हे डिस्नी वर्ल्डच्या आवारातलं कॅम्पग्राउंड. डिस्नी वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ला उघडलं आणि हे त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला, म्हणजे तिथल्या अगदी जुन्या मुक्कामांपैकी एक. साडेसातशे एकरांच्या आसपास पाइन आणि सायप्रसची झाडी, एका टोकाला बे लेक तलाव, आणि मध्ये वळणावळणाच्या गल्ल्या. या गल्ल्यांना 'लूप' म्हणतात आणि त्यांना १००, २००, ३०० असे क्रमांक आहेत. सत्तरच्या दशकात इथे वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वेही धावायची. ती आता नाही, आणि आवाराचा पसारा बघता ती असायला हवी होती असं पहिल्याच संध्याकाळी वाटतं.

या पसाऱ्यामुळेच सगळ्यात महत्त्वाचा निर्णय म्हणजे लूप कुठलं. डिस्नी वर्ल्डच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडमला जायला तलावाकाठच्या सेटलमेंट भागातल्या धक्क्यावरून बोट सुटते आणि थेट दरवाजाशी उतरवते. एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडमच्या बस मात्र प्रवेशाजवळच्या आउटपोस्ट थांब्यावरून. आवारात स्वतःची गाडी हिंडवायला परवानगी नाही. साइटवर यायचं आणि साइटवरून बाहेर जायचं, इतकंच. म्हणजे आधी आतली बस, मग बाहेरची बस किंवा बोट. साइटवरून निघून पार्कच्या दारात पोचायला पाऊण तास ते तास धरा. मुलं लहान असतील आणि मॅजिक किंगडमलाच जास्त जायचं असेल, तर १०० ते ५०० मधलं लूप मागा, तिथून धक्का चालत गाठता येतो. १६००-१९०० कडची साइट थोडी स्वस्त पडते, पण धक्का लांब. आरक्षण करताना लूपची पसंती नोंदवता येते, हमी मिळत नाही.

साइटचे प्रकार नीट वाचा. तंबूवाल्या साइटवर पाणी आणि वीज असते, सांडपाण्याची जोडणी नसते. आरव्ही असेल तर 'फुल हुकअप' (पाणी, वीज, सांडपाणी तिन्ही जोडण्या) किंवा त्यावरचा प्रकार घ्या. प्रीमियम साइटचं काँक्रीट मोठं असतं, फारशी सवय नसलेल्या माणसाला गाडी रिव्हर्स घालायला ते बरं पडतं. एका साइटवर दहा जणांपर्यंत राहू देतात. प्रत्येक साइटला बाकाचं टेबल आणि कोळशाची शेगडी आहे, आणि ठिकठिकाणी एसी असलेली स्वच्छ न्हाणीघरं, शेजारी कपडे धुवायची यंत्रं. घरात ज्येष्ठ असतील तर हे न्हाणीघर किती पावलांवर आहे ते नकाशात बघूनच साइट ठरवा. आरव्हीतल्या न्हाणीत साठीच्या पुढच्या माणसाला वळता येत नाही, आणि गरम पाण्याची टाकी एका अंघोळीत संपते.

आवारात हिंडायला गोल्फ कार्ट, म्हणजे छोटी उघडी गाडी, हवी असेल तर साइट आरक्षित केली की लगेच तिचं बघा. सोळा वर्षांवरचा, लायसन असलेला माणूसच ती चालवू शकतो. स्वस्त नाही, पण सासऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही घेतली आणि सगळ्या खर्चात हाच एक कुणाला खटकला नाही.

आता गाडी. भाड्याच्या जाहिरातीत 'सहा जण झोपू शकतात' असं लिहिलेलं असतं. तो आकडा पलंगांचा. तुम्ही विचारायचं ते सीटबेल्ट किती, आणि त्यातले पुढे तोंड असलेल्या सीटवर किती. लहान मुलाची कारसीट आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड करून असलेल्या बाकावर लावायची नसते, त्यामुळे हा प्रश्न बुकिंगच्या आधीच सोडवा. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळ्यासारखा पलंग मुलांना मिळतो, त्याला कठडा किंवा जाळी आहे का बघा. मागची खोली आजी-आजोबांना. जेवणाचं टेबल मोडून जो पलंग होतो तो आपल्या नशिबी.

साध्या कार-लायसनवर ही गाडी जॉर्जिया-फ्लोरिडात चालवता येते, पण तुमचा रोजचा कार-विमा भाड्याच्या आरव्हीला बहुतेक वेळा लागू होत नाही. फोन करून विचारा. ताबा घेताना आतून-बाहेरून, छतासकट व्हिडिओ काढा. गाडीची उंची एका चिकटपट्टीवर लिहून डॅशबोर्डला लावा. आमची साडेअकरा फुटांची होती, म्हणजे ड्राइव्ह-थ्रू विसरायचं आणि पंपावरच्या छताकडे नजर ठेवायची. पंपावर कार्डाची मर्यादा आडवी येते आणि टाकी अर्धी भरली की पेट्रोल थांबतं. दुसऱ्यांदा कार्ड फिरवा.

कारने साडेसहा तासांचा रस्ता आरव्हीला मुलं-म्हाताऱ्यांसकट नऊ तासांचा होतो. साइट दुपारी एकला मिळते. त्यामुळे आम्ही आदल्या संध्याकाळी निघून व्हॅल्डोस्टाजवळ एका खासगी कॅम्पग्राउंडवर रात्र काढली. रात्र कुठे तरी रेस्ट एरियात काढू असा बेत करू नका, फ्लोरिडाच्या रेस्ट एरियात तीन तासांपेक्षा जास्त थांबायला मनाई आहे. आय-७५ महामार्गावरून टर्नपाइक धरली की टोल लागतो, जॉर्जियाचा पीच पास हा टोलचा टॅग फ्लोरिडात चालतो. भाड्याच्या गाडीत तो लावता येईल का, हे आधी विचारून घ्या. नाहीतर टोलवर वरचा आकार बसतो.

आपल्या स्वयंपाकाची आणि आरव्हीच्या विजेची कुंडली जुळवावी लागते. गाडी ३० अ‍ॅम्पची असेल तर हातात ३६०० वॉट. त्यातले १५०० च्या आसपास एसी घेतो, विजेची किटली १५०० मागते, इन्स्टंट पॉट हजार. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडणारच. चहा गॅसवर करा, कुकर लावताना एसी बंद ठेवा, आणि हा नियम सकाळी सगळ्यात आधी उठणाऱ्या माणसाला समजावून ठेवा. ५० अ‍ॅम्पची गाडी मिळाली तर ही कटकट नाही. फोडणी मात्र आत नकोच. मिरची-हिंगाचा धूर डिटेक्टरला अजिबात खपत नाही. एक छोटी पोर्टेबल शेगडी न्या आणि बाहेरच्या टेबलावर पोहे करा. आणि आतल्या ओट्यावर हळद सांडली तर लगेच पुसा, साफसफाईचे पैसे मग सोडत नाहीत.

किराणा डेकॅटरच्या पटेल प्लाझातून भरून नेला होता. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून गूळपोळ्या होत्याच. त्याशिवाय तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. डिस्नीच्या पार्कमध्ये घरचं खाणं नेऊ देतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. काचेची बरणी, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही. थंड ठेवायला जेलचे पॅक न्या. एक संध्याकाळ मात्र अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या 'सना'साठी राखा. तिथे नान आणि हरतऱ्हेच्या चटण्यांचं ताट मिळतं आणि उजेड असेल तर खिडकीतून जिराफ दिसतात. साठ दिवस आधी आरक्षण उघडतं.

आता ज्या विषयाला सगळे नाकं मुरडतात तो. आरव्हीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात: ब्लॅक म्हणजे संडासाची, ग्रे म्हणजे मोरी-न्हाणीची. फुल हुकअप आहे म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि उरलेलं तळाशी साचून घट्ट होतं. टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, मग ब्लॅक आधी सोडा आणि ग्रे मागून, म्हणजे नळी साबणाच्या पाण्याने धुऊन निघते. जाड हातमोजे घ्या. वेट वाइप्स आत टाकायचे नाहीत, कागद आरव्हीसाठीचा लवकर विरघळणारा. या टाकीला भरपूर पाणी हवंच असतं, त्यामुळे आजोबांचा तांब्या इथे नियमानुसारच ठरला. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवा आणि तिच्या तोंडाला प्रेशर रेग्युलेटर लावा.

हंगामाबद्दल माझं मत ठाम आहे: जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात. फेब्रुवारीच्या मध्यातल्या प्रेसिडेंट्स डेच्या आठवड्यात जाऊ नका, जॉर्जियातल्या बऱ्याच काउंट्यांच्या शाळांना तेव्हाच सुट्टी असते आणि अर्धा अटलांटा तिथे भेटतो. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, आणि उन्हाळ्यात दुपारी गडगडाटी पाऊस जवळजवळ रोजचा. वीज चमकत असली की बोटीही थांबतात. जानेवारीत रात्री थंडी पडते, फ्लोरिडा म्हणून पांघरुणं घरी ठेवू नका.

पार्कबद्दल जास्त लिहीत नाही, त्यावर सगळीकडे माहिती आहे. आवारात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, लाइटनिंग लेन, म्हणजे जादा पैसे देऊन मिळणारी छोटी रांग, सात दिवस आधी घेता येते. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या राइडला ३८ इंच उंची लागते, ट्रॉनला ४८. धाकट्याची उंची घरीच मोजून त्याला खरं काय ते सांगून ठेवा, दारातला रडवा टळतो. आजी-आजोबांची तिकिटं सगळ्या दिवसांची काढू नका. आमचे सासरे आयुष्यभर ऊस आणि भाजीपाला पिकवणारे. किल्ला, परेड त्यांनी सौजन्याने बघितली. एपकॉटमध्ये 'लिव्हिंग विथ द लँड' नावाची बोटीतली संथ सफर आहे, ती मातीविना शेतीच्या हरितगृहांतून जाते. तिथे मात्र त्यांनी नळ्यांची जाडी, मुळांना पाणी कसं देतात, सगळं विचारलं आणि लगेच पुन्हा रांगेत उभे राहिले. रांगही लहान असते.

पार्कला न जाण्याचा किमान एक अख्खा दिवस ठेवा, आमच्यासारख्यांनी दोन. मुलांच्या सायकली सोबत न्या. ट्राय-सर्कल-डी रँचमधले पोनी आणि घोडे नुसते बघायला पैसे पडत नाहीत. पोहण्याचा तलाव मेडो भागात आहे. बे लेकमध्ये उतरायचं नाही, आणि फ्लोरिडातल्या गोड्या पाण्यात मगरी असतात हे लक्षात ठेवून मुलांना काठापासून लांब ठेवा. रॅकून अन्नाच्या वासाने येतात, रात्री टेबलावर काही ठेवू नका. मेडोजवळ रात्री चिप अँड डेल या डिस्नीच्या कार्टून खारींची शेकोटी असते, गाणी होतात, मग पडद्यावर चित्रपट. शेकोटीवर भाजायला मार्शमेलो विकतात, त्यात जिलेटिन असतं. शाकाहारी असाल तर जिलेटिनविरहित पाकीट घरून न्या, नाहीतर सगळी मुलं भाजत असताना आपलं मूल नुसती काडी धरून बसतं.

पावणेदहाच्या सुमारास तलावातून दिव्यांच्या तराफ्यांची मिरवणूक जाते, १९७१ पासून चालू आहे. मॅजिक किंगडमची आतषबाजीही काठावरून दिसते. गर्दीत तीन तास आधी जागा धरून बसण्यापेक्षा सासूबाईंना हीच पसंत पडली, आणि मलाही. हुप-डी-डू नावाचा १९७४ पासूनचा जेवणासह गाण्याबजावण्याचा कार्यक्रम लोकांना फार आवडतो. त्यातले विनोद अमेरिकन इंग्रजीतले असल्याने आम्ही तो गाळला.

निघायच्या दिवशी अकराला साइट रिकामी करायची असते. टाक्या आदल्या रात्री नव्हे तर सकाळी शेवटच्या अंघोळीनंतर रिकाम्या करा. वीज, पाणी, सांडपाणी, छतावरची खिडकी, पायरी, आणि फ्रिजच्या दाराची कडी: ही यादी एकाने वाचायची आणि दुसऱ्याने हात लावून बघायची. गाडी परत देताना पेट्रोल आणि प्रोपेन (शेगडीचा गॅस) दोन्ही भरून मागतात. प्रोपेन सगळ्या पंपांवर मिळत नाही, तेव्हा घराजवळ कुठे भरता येईल ते जायच्या आधीच शोधून ठेवा.